‘नस ब्लॉक आहे’ म्हणजे नेमकी कुठली? रक्तवाहिन्यांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

प्रश्न साधारण असे असतात: डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) पायाची नस ब्लॉक निघालीय, घट्ट मोजे घालू का? उशीवर पाय ठेवून झोपू का? मालिश चालेल का? फुगलेली शीर लेझरने बंद केली तर रक्त परत जाणार कुठून? रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या का? आणि उठता उठता, आवाज खाली आणून विचारलेला एक: पाय कापावा लागेल का?

गेली २२ वर्षं मी रक्तवाहिन्यांच्याच शस्त्रक्रिया करतोय. यातल्या पहिल्या तीन प्रश्नांना मी कधीच थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही, कारण घोळ ‘नस’ या शब्दातच आहे. मान अवघडली की आपण नस धरली म्हणतो, मुंग्या आल्या की नस दबली, पोटरीवर निळी दोरी उठली की नस फुगली, आणि हृदयविकाराचा झटका आला तरी नसच ब्लॉक. या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. धमनी हृदयाकडून पायाकडे रक्त नेते. शीर ते पायाकडून हृदयाकडे परत आणते. आणि मज्जातंतूतून रक्त वाहतच नाही. त्यातून संवेदना आणि हुकूम जातात. मज्जातंतूचं दुखणं घेऊन माझ्याकडे आलेल्यांना मी दुसऱ्या दाराशी पाठवतो. पण उरलेल्या दोघींची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण धमनी आणि शीर यांचे घरगुती उपाय जवळजवळ एकमेकांच्या उलट आहेत. शिरेच्या आजारात पाय उंच ठेवला की बरं वाटतं. धमनीच्या आजारात उंच ठेवला की बोटांपर्यंत पोचणारं उरलंसुरलं रक्तही आटतं. घट्ट मोजे शिरेच्या आजारात औषध आहेत, धमनी बंद असेल तर तेच मोजे बोट घालवू शकतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. साठीतले एक गृहस्थ आले होते. पाय दुखतो म्हणून कुणीतरी ‘नसांचे मोजे’ आणायला सांगितलं होतं. ते त्यांनी तीन आठवडे इमानेइतबारे, रात्रीसुद्धा घातले. मी मोजा हळूहळू गुंडाळत खाली आणला तेव्हा नडगीच्या हाडावर विणीचा ठसा उमटलेला होता, पाऊल मेणासारखं पांढरं होतं आणि करंगळीच्या टोकाला काळा डाग. नाडी लागत नव्हती. मोजा चांगल्या प्रतीचाच होता, पण त्यांच्या आजाराचा नव्हता. आधी पायाची नाडी बघायची, मग मोजा, हा क्रम कुणी पाळला नव्हता इतकंच.

तर तुमची ‘नस’ कुठली, हे बऱ्याच अंशी तुमच्या तक्रारीवरूनच कळतं. शिरेचं दुखणं दिवसाबरोबर चढतं. सकाळी पाय हलके, संध्याकाळी जड, घोट्याला सूज, साध्या मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ. पाय वर करून पडलं की अर्ध्या तासात सुटल्यासारखं वाटतं. धमनीचं दुखणं अंतराने येतं. ठरावीक पावलं चाललं की पोटरीत गोळा येतो, जागच्या जागी उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत जातो, पुन्हा चाललं की जवळपास तेवढ्याच अंतरावर परत हजर. कण्यात मज्जातंतू दबला असेल तरी चालताना पाय भरून येतात, पण अशा माणसाला नुसतं उभं राहून आराम पडत नाही, त्याला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. आणि तोच माणूस सायकल मात्र खुशाल चालवतो. हा सायकलचा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारतो.

मग हात लावून बघायचं. पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधल्या खोबणीत एक नाडी असते. दुसरी घोट्याच्या आतल्या हाडामागे. काही धडधाकट माणसांत पहिली जन्मतःच लागत नाही, तेव्हा एकीवरून घाबरू नका. शंका आली तर दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. या गुणोत्तराला ए.बी.आय. म्हणतात. १ ते १.४ ठीक, ०.९ किंवा त्याखाली म्हणजे धमनीत अडथळा, ०.४ च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमनीच्या भिंतीत चुना साचून ती दाबलीच जात नाही आणि आकडा खोटाच १.४ च्या वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. दहा-पंधरा मिनिटांची, सुई न टोचणारी ही तपासणी आहे, आणि ती न करताच लोक थेट अँजिओग्राफीला (धमनीत औषध सोडून काढायच्या क्ष-किरण चित्राला) जातात याचं मला नवल वाटतं.

डॉपलरचा रिपोर्ट हातात असेल तर आधी वरची ओळ वाचा: ‘आर्टेरियल’ लिहिलंय की ‘व्हीनस’? पहिला धमन्यांचा, दुसरा शिरांचा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. धमनीच्या रिपोर्टात ‘ट्रायफेजिक’ म्हणजे ठोका जोरकस, ‘मोनोफेजिक’ म्हणजे वरच्या अंगाला कुठेतरी अडथळा असल्याने खाली रक्त कसंबसं पोचतंय. शिरेच्या रिपोर्टात ‘रिफ्लक्स’ म्हणजे शिरेतली झडप गळतेय आणि ‘थ्रॉम्बस’ म्हणजे गुठळी. गळती आणि गुठळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गळतीपासून सुरुवात करू. उभ्या माणसाच्या पायातलं रक्त चढावर न्यायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की स्नायू शीर पिळतात, रक्त वर जातं, आणि झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. झडप सैल पडली की रक्त खाली घसरतं, शीर ताणून फुगते, नागमोडी होते. हीच व्हेरिकोज व्हेन. घराण्यात असणं, गरोदरपण, वजन, तासन्‌तास उभ्याने काम ही नेहमीची कारणं. पायावर पाय टाकून बसल्याने ती होत नाही. तपासणी उभं करूनच करायला हवी. झोपवून केलेल्या डॉपलरात गळती नीट दिसत नाही, आणि ‘सगळं नॉर्मल’ असा कागद हातात पडतो.

फुगलेली शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? प्रश्न रास्त आहे. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त मुळात स्नायूंमधल्या खोल शिरांतून परत जातं. कातडीखालच्या शिरा म्हणजे गल्ल्या. गळकी शीर तर रक्त उलटं खाली सोडत असते, ती बंद झाल्याने खोल शिरांवरचा बोजा कमीच होतो. अट एकच: खोल शिरा मोकळ्या हव्यात. पूर्वी गुठळी होऊन खोल शीर बुजली असेल तर वरची फुगलेली शीर हाच पर्यायी रस्ता असू शकतो, आणि तो बुजवणं महागात पडतं. दुसरा रास्त प्रश्न: ‘हीच शीर पुढे हृदयाच्या बायपासला लागते ना?’ लागते, पण सरळ आणि निरोगी असेल तर. दोरखंडासारखी पिळलेली शीर कुणी बायपासला घेत नाही. निरोगी शीर मात्र केवळ हौसेखातर घालवू नये.

लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीत गुडघ्याजवळ सुई घालून, सोनोग्राफीत बघत बारीक तार जांघेपर्यंत नेतात, शिरेभोवती भूल मिसळलेलं पाणी भरतात आणि आतून उष्णता देत शीर मिटवत खाली येतात. माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. याशिवाय फेस करून टोचायचं औषध आहे, शीर चिकटवणारा खास गोंद आहे, आणि शीर ओढून काढायची जुनी शस्त्रक्रियाही आहे. ती आजही वाईट नाही, फक्त दुखणं आणि विश्रांती जास्त. पुन्हा होतात का? होऊ शकतात. बंद केलेली शीर सहसा उघडत नाही, पण झडपा सैल पडण्याचा मूळ स्वभाव जात नाही, काही वर्षांनी शेजारची शीर फुगू शकते. ‘कायमचा इलाज’ म्हणून कुणी सांगत असेल तर सावध राहा. आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा असतील, त्रास काहीच नसेल, तर ती फक्त दिसण्याची बाब आहे.

उपचार कधी करावा? जडपणामुळे काम अडत असेल, शीर लाल होऊन दुखत असेल, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि टणक होऊ लागली असेल, किंवा तिथे जखम झाली असेल तेव्हा. या जखमेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिच्याइतकी हेळसांड मी दुसऱ्या कशाची पाहिलेली नाही. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, उथळ, ओलसर, वर्षानुवर्षं न भरणारी. लोक मलमं बदलत राहतात, प्रतिजैविकांचे कोर्स होतात, पण जखम वरून भरायची नसते. खाली साचलेला दाब कमी करायचा असतो. थराथराची दाबपट्टी, घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब, अर्थात नाडी आणि ए.बी.आय. तपासूनच. गळकी शीर लवकर बंद केली तर जखम आणखी लवकर भरते. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्ह्रा’ या अभ्यासात, लवकर उपचार केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, लांबणीवर टाकलेल्यांपैकी निम्म्यांना ८२ लागले. दोन्ही गटांत दाबपट्टी होतीच.

फुगलेली शीर कधी कधी आंघोळ करताना फुटते. दुखत नाही, नुसतं पाण्याला रंग दिसतो आणि माणूस घाबरून उभाच राहतो. उभं राहिलं की रक्त पिचकारीसारखं येतं. अशा वेळी आहात तिथे आडवे व्हा, पाय छातीपेक्षा उंच करा आणि जिथून येतंय नेमक्या त्याच ठिकाणी अंगठ्याने १०-१५ मिनिटं दाबून धरा. वरच्या बाजूला दोरी किंवा रुमाल आवळू नका. त्याने परतीचा रस्ता अडतो आणि रक्त जास्तच येतं. मग डॉक्टरकडे जा, कारण फुटलेली शीर पुन्हा फुटते.

आता गुठळी. खोल शिरेत रक्त गोठलं की त्याला डी.व्ही.टी. म्हणतात. मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टर, खूप दिवस अंथरुणाला खिळणं, कर्करोग, बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, लांबचा बसून केलेला प्रवास या पार्श्वभूमीवर एकच पाय सुजला आणि पोटरी दुखू लागली तर हा संशय धरायचा. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा एखादं औषध असतं. मालिशच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: एक पाय अचानक सुजलेला असताना चोळू नका. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडतं, आणि माणूस दगावूही शकतो. तिथे सकाळची वाट पाहायची नसते.

यावर देतात ती औषधं गुठळी विरघळवत नाहीत. ती गुठळी वाढू देत नाहीत. विरघळवायचं काम शरीर स्वतः सावकाश करतं. ‘रक्त पातळ करणं’ हाही ‘नस’सारखाच फसवा शब्द आहे, रक्त पातळ कुठल्याच गोळीने होत नाही. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या चपट्या पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत. ती प्रामुख्याने धमनीसाठी. हेपॅरिन, वॉरफॅरिन, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन ही गोठण्याची रासायनिक साखळी अडवतात. ती शिरेतल्या गुठळीसाठी. आपल्या मनाने एकाच्या जागी दुसरी घेऊन चालत नाही. वॉरफॅरिनचा किस्सा मला आवडतो. अमेरिकेत बुरशी लागलेलं एक गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती, त्याचा शोध घेता घेता हा रेणू हाती लागला. १९४८ मध्ये तो उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आला आणि १९५४ पासून माणसांना मिळू लागला. म्हणूनच त्याची मात्रा आय.एन.आर. (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा) तपासून ठरवतात, डी.व्ही.टी.त तो २ ते ३ दरम्यान ठेवतात. रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्यांचा असर एका दिवसात उतरतो, म्हणून डोस चुकवणं तिथे जास्त महाग.

जन्मभर घ्यायच्या का? कमीत कमी ३ महिने. शस्त्रक्रिया किंवा प्लास्टरसारखं तात्पुरतं कारण असेल तर बहुधा तेवढ्यावर थांबता येतं. कारणच सापडलं नाही, किंवा गुठळी दुसऱ्यांदा झाली, तर पुढे चालू ठेवायच्या का हे रक्तस्रावाचा धोका तोलून ठरवतात. कर्करोग असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत. आणि हो, गोळ्या सुरू झाल्या की चालायला हरकत नाही. आठवडाभर पलंगावर जखडून ठेवायची पद्धत मागे पडली.

धमनीकडे येतो. चालताना गोळा येणाऱ्या माणसाला वाटतं आता पाय जाणार. बहुतेकांचा पाय जात नाही. त्याला जास्त धोका हृदयाचा आणि मेंदूचा असतो, कारण पायात साचलेली चरबी तिथेही साचलेली असते. म्हणून पाय दुखत असताना मी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल लिहितो तेव्हा ते पाय वाचवण्याइतकंच जीव वाचवण्यासाठी असतं. तंबाखू ओढण्याची असो वा चघळण्याची, पूर्ण बंद. पंचेचाळिशीच्या आतल्या, तंबाखू घेणाऱ्या माणसाची बोटं काळी पडू लागली तर तो बऱ्याचदा बर्गर रोग असतो. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि आजही त्यावर तंबाखू शून्यावर आणण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. ‘दिवसाला एकच बिडी’ चालत नाही. एकीनेही आजार जागा राहतो.

बाकीच्यांसाठी चालणं हेच औषध, पण ते फिरायला जाणं नव्हे. गोळा येऊन दुखणं बऱ्यापैकी चढेपर्यंत चालायचं, थांबायचं, पूर्ण उतरलं की पुन्हा चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, १२ आठवडे. धमनी त्याने उघडत नाही, पण स्नायू कमी रक्तात काम भागवायला शिकतात आणि आजूबाजूच्या बारीक वाटा रुंदावतात. मी रुग्णांना घराच्या दारापासून गोळा येईपर्यंतचे विजेचे खांब मोजायला लावतो. चार खांबांवर थांबणारा माणूस तीन महिन्यांनी नऊ खांब सांगतो, तेव्हा त्याला अँजिओप्लास्टी नको असते. सलाइनमधून औषध देऊन ‘ब्लॉकेज धुऊन काढणारे’ उपचार मात्र टाळा. साचलेला चुना असा धुतला जात नाही.

रात्री बोटं ठणकून जाग येते, पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की जरा बरं वाटतं, माणूस खुर्चीतच झोपू लागतो, किंवा बोटावरची जखम भरत नाही, ही पायरी वेगळी. इथे चालण्याचे प्रयोग करायचे नसतात. महिनोन् महिने थांबायचंही नसतं. मधुमेहात संवेदना गेल्यामुळे हे दुखणंसुद्धा जाणवत नाही. गार पडलेला पाय शेकायला गरम पाण्यात ठेवतात आणि कातडी सोलून निघते तेव्हा कळतं. आणि पाय एकाएकी पांढरा, गार, बधिर पडला तर हाताशी साधारण सहा तास असतात. बऱ्याचदा हृदयातून सुटलेली गुठळी धमनीत अडकलेली असते. ती काढायला टोकाला फुगा असलेली बारीक नळी वापरतात. टॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या हातमोज्याच्या बोटाचा तुकडा मासेमारीतल्या गाठींनी नळीला बांधून ती बनवली. त्यापूर्वी असे पाय बहुधा कापलेच जात.

मानेची धमनी आणि पोटातली महाधमनी यांवर मोजकीच वाक्यं. एका डोळ्यासमोर काही मिनिटं पडदा उतरून परत वर गेला, किंवा हात-तोंड थोडा वेळ लुळं पडून पूर्ववत झालं, तर ‘गेलं एकदाचं’ म्हणू नका. मानेच्या धमनीत ७० टक्क्यांवर अडथळा निघाला तर शस्त्रक्रियेचा खरा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत असतो. आणि कधीही धूम्रपान केलेल्या ६५ वर्षांवरच्या पुरुषांनी पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी, कारण सुमारे २ सेंटिमीटरची महाधमनी फुगत फुगत पुरुषांत ५.५ पर्यंत गेली की ती फुटण्याआधी दुरुस्त करायची असते, आणि तोवर ती अजिबात दुखत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न: पाय कापावा लागेल का? १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंचं पाऊल गँगरीनने काळं पडलं होतं आणि त्यांनी पाय कापायला साफ नकार दिला होता. शस्त्रक्रियेचा मार्ग खुंटल्यावर चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने मांडीतल्या अरुंद धमनीत एकाहून एक जाड नळ्या सारून ती रुंद केली. पाय ऊबदार झाला आणि वाचला. जगातली ही पहिली अँजिओप्लास्टी. हृदयाची त्यानंतर १३ वर्षांनी, १९७७ मध्ये झाली. हे मी रुग्णांना सांगतो, कारण ‘अँजिओप्लास्टी पायातही होते?’ असं अजून विचारतात.

पाय कापायचा सल्ला मिळाला असेल आणि ताप, पू, वर चढत जाणारी लाली असेल, तर तो पसरणारा जंतुसंसर्ग आहे. तिथे जीव आधी, वाद नंतर. पण बोट काळं, कोरडं पडून स्थिर असेल, तर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. पहिली: धमन्यांची अँजिओग्राफी झाली आहे का, आणि ती रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाने पाहिली आहे का? दुसरी, कापावाच लागला तर: गुडघा वाचवता येईल का? गुडघ्याखाली कापलेला माणूस कृत्रिम पायावर बऱ्यापैकी सहज चालू लागतो. गुडघ्याच्या वर कापलेल्याला तेवढंच अंतर चालायला कितीतरी जास्त ताकद लागते, आणि म्हातारपणी बऱ्याच जणांना ती पुरत नाही.